कोरल येण्याआधी: किडींच्या बंदोबस्ताची तयारी

मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वरने निघालेला, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मागवलेल्या कोरलचा (जिवंत प्रवाळाचा) थर्माकोलचा डबा सकाळी सोलापूर स्टेशनवर उतरतो. तो घरी आल्यावर डिपची, म्हणजे कोरल बुडवून त्यावरचे किडे मारायच्या औषधाची बाटली शोधायला घेतलीत, तर तयारीची वेळ कधीच निघून गेलेली असते. डिपने किडा मरतो, अंडी मरत नाहीत. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, म्हणून ऑर्डर द्यायच्या किमान महिनाभर आधी कामाला लागा.

पहिलं काम क्वारंटाइन टँकचं, म्हणजे नवं कोरल काही आठवडे वेगळं ठेवायच्या टँकचं. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेचा टँक पुरतो. त्यात काठोकाठ साधारण 40 लिटर पाणी मावतं. तळाला वाळू नको, आत खडकही नको. किडे लपतात ते तिथेच, आणि सायफनने तळ काढताना काय पडलंय ते दिसलं पाहिजे. स्पंज फिल्टर नवाकोरा लावू नका. तो तीन-चार आठवडे मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या खालच्या टाकीत) बुडवून ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू बसलेले असतील. एक छोटा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), 50 वॅटचा हीटर, साधा लाइट आणि प्लास्टिकच्या जाळीचा फ्रॅग रॅक (कोरलचे तुकडे ठेवायची मांडणी), एवढंच सामान. या टँकचा चिमटा, सायफनची नळी, टॉवेल सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावा. ओल्या हाताने इकडून तिकडे गेलं तरी अंडी सोबत जातात.

आता पाणी. सोलापुरात नळ रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येईल त्या दिवशी 60-80 लिटर आरओ-डीआय पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून काढलेलं, क्षार नसलेलं) काढून झाकून ठेवा. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या मशीनला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मीटरवर शून्य कधीच येत नाही. डीआय रेझिन लावून टीडीएस 0 आलाच पाहिजे. मीठ पाकिटावरच्या मापाने घाला (बहुतेक ब्रँडचं लिटरला 35 ते 38 ग्रॅम पडतं), रात्रभर पंप लावून फिरवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025-1.026 बघा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखा तेव्हा पाणी दोन-तीन अंश सहज उतरवतो, पण बाष्पीभवनही तितकंच होतं. चाळीस लिटरमधून एक लिटर उडालं की 35 चं जवळजवळ 36 होतं. म्हणून टँकवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ आरओ पाणी टाकून ती रेघ गाठा. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि फ्रीजरमध्ये आरओ पाण्याच्या दोन बंद बाटल्या तयार असाव्यात. बर्फाचे खडे थेट टाकायचे नाहीत.

डिपचा संच एका डब्यात भरून ठेवा: दोन-दोन लिटरची तीन भांडी, त्यातलं एक पांढरं, टर्की बॅस्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) किंवा मोठा ड्रॉपर, मऊ टूथब्रश, टोकदार चिमटा, 10 एक्सचं भिंग, फ्रॅग कटर (कोरल कापायची कात्री), सुपरग्लू जेल, वीसेक नवे सिरॅमिक प्लग (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठका), मि.लि.चं माप असलेली सिरिंज. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हे हौसेपुरतं नाही. झोआंथस (झोआ) आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या मऊ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. कापताना उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तर थेट दवाखाना. हे कोरल लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली घासू नका आणि हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका.

डिप म्हणून आयोडीनचं किंवा वनस्पतिजन्य तेलांचं, कोरलसाठीच विकलं जाणारं औषध घ्या आणि बाटलीवरचं माप पाळा. झोआवर शेवाळ असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं, पण इथे एक चूक हमखास होते. इंटरनेटवरची मापं 3 टक्क्यांच्या द्रावणाची असतात, आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा 6 टक्क्यांचं. त्यामुळे तिकडे एक लिटर टँकच्या पाण्याला 100 मि.लि. सांगितलं असेल तर इथे 50 मि.लि., तीन ते पाच मिनिटं. कीटकनाशकाचं तर विचारूच नका. परदेशात काही जण बागेचं इमिडाक्लोप्रिडचं औषध डिपला वापरतात, त्या बाटलीत ते एक टक्क्याहूनही कमी असतं. आपल्या कृषी सेवा केंद्रात द्राक्ष-डाळिंबावर फवारायला मिळतं ते 17.8 टक्के. तेच माप इथे उचललं तर किड्याआधी कोरल जाईल. आमचं मत स्पष्ट आहे: तो नाद सोडा.

ऑर्डर देताना पक्कं बिल मागा आणि कठीण कोरल असेल तर आयातीची कागदपत्रंही बघा. भारताच्या समुद्रातली कठीण प्रवाळं 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मन्नारचं किंवा अंदमानचं कोरल कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका.

कोरल आलं की पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, फेकूनही द्यायचं नाही. ते पांढऱ्या भांड्यात ओता. प्रवासात गळून पडलेले किडे तिथेच सापडतात. मग कोरल डिपमध्ये ठेवून औषधावर लिहिलेला पूर्ण वेळ बॅस्टरने फवारे मारत राहा, विशेषतः बुंध्याशी आणि पॉलिपच्या (कोरलच्या एकेका जिवाच्या) फटीत. नुसतं बुडवून ठेवलं तर चिकटलेला किडा तसाच राहतो. त्यानंतर लागोपाठ दोन भांड्यांत टँकच्या पाण्याने धुवा आणि जुना प्लग कापून टाका. अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलचे चपटे किडे जिवंत ऊतीवर अंडी घालत नाहीत. बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावर आणि प्लगवर घालतात. निम्मा धोका प्लगसोबत कचऱ्यात जातो, तरी बरेच जण वीस रुपयांचा प्लग वाचवतात.

भिंगाखाली काय शोधायचं ते कोरलवर अवलंबून. आपल्याकडच्या बहुतेक टँकमध्ये झोआ असतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. झोआ खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) पाच-दहा मिलिमीटरचा असतो, पाठीवर बोटांसारखे फुटवे असतात आणि खाल्लेल्या पॉलिपचाच रंग तो अंगावर घेतो. हिरव्या झोआवर हिरवट, केशरीवर केशरी. मिटलेल्या पॉलिपमध्ये बसला तर समोर असून दिसत नाही. म्हणून त्याला शोधू नका, अंडी शोधा: देठाच्या बाजूला पांढरट, गोल गुंडाळलेली बारीक फीत. ती टूथब्रशने किंवा चिमट्याने खरवडूनच निघते. काही पॉलिप दोन-तीन दिवस उघडतच नसतील तर लाइट बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बघा. झोआवरचा दुसरा शत्रू हेलियाकस गोगलगाय: चपटा शंख, वर काळ्या-पांढऱ्या चौकटी. ती झाकण लावून बसते, त्यामुळे डिपचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. हातानेच काढावी लागते.

माँटिपोरावर (ताटलीसारख्या वाढणाऱ्या कठीण कोरलवर) कडेपासून पांढरे पट्टे सरकत येत असतील तर ती प्लेट उलटी करा. खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे पांढरे न्यूडिब्रँक आणि अंड्यांचे पुंजके दिसतील. अॅक्रोपोरावर रंग उडालेले गोल ठिपके दिसले तर चपट्या किड्याचा संशय घ्या. किडा जवळजवळ पारदर्शक, अंडी मात्र तपकिरी-सोनेरी चकत्यांत. अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे, लाल ठिपका असलेले रेड बग भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यांच्यावर मिल्बेमायसिन चालतं, पण ते पशुवैद्यकाच्या चिठ्ठीचं औषध आहे आणि कोळंबी-खेकडेही मारतं, म्हणून फक्त क्वारंटाइनमध्येच.

एप्टेशिया (कोरलला डसणारं, भराभर पसरणारं छोटं समुद्रफूल) दिसला तर चिरडू नका, उरलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट इन्शुलिन सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडा. पंप पंधरा मिनिटं बंद आणि एका वेळी तीन-चारच, नाहीतर पीएच चढतो. पानटपरीचा चुना मुळात हाच पदार्थ, पण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, तेव्हा रसायनांच्या दुकानातलाच शुद्ध घ्या. पेपरमिंट श्रिंप ही कोळंबी एप्टेशिया खाते, मात्र त्या नावाने उंटासारखी पाठ असलेली कॅमल श्रिंप गळ्यात मारली जाते आणि ती झोआच खाते. तांबडे प्लॅनेरिया (बारीक चपटे किडे) शेकड्यांनी झाले असतील तर औषधाआधी जमतील तितके सायफनने ओढा, कारण मरताना ते विष सोडतात. विष शोषणारा कार्बन आणि टँकचा तिसरा हिस्सा बदलायला पुरेल इतकं तयार मीठपाणी हाताशी ठेवूनच औषध टाका. व्हर्मेटिड (नळीत राहणारी गोगलगाय) असेल तर तिच्या नळीच्या तोंडावर सुपरग्लूचा एक थेंब पुरे.

ब्रिसल वर्म (केसाळ किडे), बहुतेक अॅस्टेरिना तारे आणि काचेवर पळणारे कोपेपॉड (ठिपक्याएवढे जीव) यांच्यामागे लागण्यात वेळ घालवू नका. ते घाण खातात.

क्वारंटाइनचा काळ सहा आठवडे धरा. अॅक्रोपोराच्या किड्याची अंडी फुटायला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि पाणी थंड असेल तर आणखी लांबतं. म्हणून हिवाळ्यात हीटर 26 अंशांवर ठेवा. डिसेंबरच्या रात्री टँक गार पडला तर तुमचं दिवसांचं गणित चुकतं. दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप, म्हणजे नव्याने फुटलेली पिल्लं अंडी घालण्याआधी सापडतात. प्रत्येक डिपनंतर पांढऱ्या भांड्याचा तळ भिंगाने बघा आणि तारखेसह लिहून ठेवा. एक जरी किडा दिसला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. लागोपाठ तीन डिप कोरे गेले आणि सहा आठवडे भरले की कोरल मुख्य टँकमध्ये हलवा, तेही प्लग पुन्हा बदलून. मग क्वारंटाइन टँक रिकामा करून दोन दिवस उन्हात कोरडा ठणठणीत होऊ द्या. स्पंज टाकून द्या आणि दुसरा स्पंज लगेच संपमध्ये बुडवा.