लॉ, मेडिकल, इंजिनिअरिंगवाले ग्रंथपाल एकत्र बसायच्या आधी

तर शेवटी एकत्र बसायचं ठरलंय, कोल्हापुरातले आपण ग्रंथपाल, लॉवाले, मेडिकलवाले, इंजिनिअरिंगवाले सगळे, एरवी आपण आपापल्याच संघटनेच्या सेमिनारला जातो. वेगळी चूल मांडायची हौस काय आपलीच नाही म्हणा, अमेरिकेत मेडिकल ग्रंथपालांची संघटना १८९८ ची, लॉवाल्यांची १९०६ ची आणि स्पेशल लायब्ररीवाल्यांची, म्हणजे एकाच खास विषयाची ग्रंथालयं चालवणाऱ्यांची, १९०९ ला निघालेली. पण ज्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला तिथं एकमेकांच्या कपाटात काय आहे ते आपल्याला माहीत नसावं, हे जरा अतीच झालं.

येताना पहिलं काम, वर्षभरात "आमच्याकडं नाही" म्हणून परत पाठवलेल्या वाचकांचे निदान पाच प्रश्न वहीत लिहून आणा. हे भाषणापेक्षा महत्त्वाचं आहे बरं का. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आता एखाद्या वकिलाला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट समजून घ्यायला फॉरेन्सिकचं नवं एडिशन पाहिजे असलं की ते असतंय मेडिकल कॉलेजात, आणि शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला कामगार कायदा पाहिजे असतो तो इंजिनिअरिंगच्या लायब्ररीत शोधत बसतो बिचारा.

पुस्तकांच्या यादीची एक्सेल आणताना क्लास नंबरच्या, म्हणजे विषयाच्या क्रमांकाच्या, भरवशावर राहू नका, ड्युईच्या वर्गीकरणात फॉरेन्सिक मेडिसिन ६१४.१ ला, पण लॉ लायब्ररीत तेच पुस्तक सोयीसाठी कायद्याच्या रॅकमध्ये लावलेलं असतंय, त्यामुळं आयएसबीएन, एडिशन आणि वर्ष एवढंच ठेवा, कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट मिळतो.

विकत घेतलेल्या ऑनलाइन डेटाबेसच्या लायसन्सची झेरॉक्स आणा आणि त्यात दोन गोष्टींखाली लाल रेघ मारा, बाहेरचा वाचक येऊन बसून वाचू शकतो का आणि दुसऱ्या लायब्ररीला एखादा लेख देता येतो का. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे संशोधनाची जर्नल्स ऑनलाइन वाचायला देणारी केंद्राची योजना, जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी सुरू झालंय, खासगी कॉलेजवाल्यांचा प्रश्न तसाच आहे, म्हणून डेटाबेसवाल्या कंपन्यांकडं दर मागताना एकेकट्यानं जायचं का मिळून, हे ठरवायला ही झेरॉक्स लागणार.

आता पूर. २०१९ आणि २०२१ विसरलं नाही कुणी. ओल्या पुस्तकावर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणजे मीटिंग बोलवायलाच वेळ नसतोय. मेडिकलच्या ॲटलसचा गुळगुळीत आर्ट पेपर तर ओला होऊन वाळला की पानं अशी चिकटतात की मग ती सुटतच नाहीत, ती ओली असतानाच गोठवून ठेवायची, आणि हे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या पुराभिलेखवाल्यांना माहीत असतं, ॲटलस घेणाऱ्याला नाही! म्हणून त्यांनाही बोलवा. प्रत्येकानं तीन गोष्टी लिहून आणायच्या: आपल्या इमारतीत पाणी कुठवर आलं होतं, वरच्या मजल्यावर दुसऱ्याची किती क्रेट ठेवता येतील आणि ओळखीच्या कोल्ड स्टोरेजवाल्याचा नंबर.

शाल-श्रीफळ नको, बॅनरही लहानच करा, वाचेल त्या पैशात प्लॅस्टिक क्रेट येतील. आणि काउंटरवर बसणाऱ्या असिस्टंटला सोबत आणाच, कारण वाचक परत जाताना नक्की काय पुटपुटतो ते त्यालाच ऐकू आलेलं असतंय. मिसळ साडेनऊला, बसायचं दहाला.