पावलावरचे मार्कर किती खरं सांगतात? तपासायची पद्धत

चालण्याच्या तपासणीत पायावर मार्कर, म्हणजे चमकणाऱ्या छोट्या गोळ्या, चिकटवतात; कॅमेरे त्यांची जागा टिपतात आणि त्यावरून सांध्यांचे कोन काढले जातात. आधी या कॅमेरा यंत्रणेची चूक वेगळी काढा. स्टीलच्या पट्टीवर 100 मिलिमीटर अंतरावर दोन मार्कर घट्ट चिकटवा आणि पेशंट जिथे चालतो त्या पट्ट्यात पावलाच्या उंचीवर ती फिरवा. कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांच्या मोजमापाची जुळणी) नीट असेल तर हे अंतर फार तर एखाद्या मिलिमीटरने हलतं. यापुढे जी चूक दिसेल, ती बहुतेक कातडीची किंवा मार्कर लावणाऱ्या हाताची.

पाऊल लहान, म्हणून ही चूक इथे जास्त भोवते. दोन मार्करमध्ये 40 मिलिमीटर अंतर असताना एक मार्कर आडवा 2 मिलिमीटर सरकला, तर कोन जवळपास 3 अंशांनी चुकतो. मांडीवर 200 मिलिमीटर अंतर असेल तर तीच चूक अर्ध्या अंशाच्या आसपास. घोट्याच्या वर-खाली हालचालीत 3 अंश खपून जातात. पण पावलाच्या मधल्या भागाची हालचालच काही अंशांची असते, तिथे ते सगळं मोजमाप गिळून टाकतात.

कातडी किती सरकते ते पेनानेच कळतं. पेशंटला खुर्चीवर बसवा, पाऊल मोकळं ठेवा. आतल्या घोट्याच्या खाली, जरा पुढे बोटाला जो उंचवटा लागतो, ते नेव्हिक्युलर हाड. त्याच्या टोकावर बारीक ठिपका द्या. आता दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करा आणि तोच उंचवटा पुन्हा चाचपा. ठिपका बहुधा हाडावरून सरकलेला असतो. अंतर पारदर्शक पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग टाच उचलायला सांगा आणि परत मोजा. दोन्ही घोटे, टाचेची मागची बाजू आणि पाचव्या मेटाटार्सलचं (करंगळीमागच्या लांब हाडाचं) बूड इथेही हेच करा. घोट्यांवरची कातडी चांगलीच ओढली जाते, म्हणून पावलाच्या भागासाठी घोट्याचा मार्कर धरू नये. मार्कर नेहमी पेशंट उभा असतानाच लावायचे, तेही याच कारणाने.

पावलासाठी 9 मिलिमीटरच्या आसपासचे मार्कर घ्या. टाचेचे तीन मार्कर एका रेषेत येऊ देऊ नका, जमेल तितके लांब ठेवा. टाचेच्या मागच्या जाड शिरेजवळ (स्नायूबंधाजवळ) कातडीला वळ्या पडतात, तिथून खाली लावा. चवड्यावर बोटं वर ओढणाऱ्या शिरा टाळा. शीर ताणली की मार्कर उचलला जातो.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घामाने डबल टेप सुटते, आणि बंद खोलीतला कूलर ओलावा आणखी वाढवतो. पायाला खोबरेल लावलेलं असेल तर आधी साबणाने धुवा, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. टाचेला भेगा असतील तर सुटं कातडं मार्करसकट निघून येतं, शिवाय भेगेत स्पिरिट झोंबतं. अशा वेळी भेग सोडून शेजारची अखंड जागा निवडा. जोडवी आणि पैंजण कॅमेऱ्याला मार्करसारखे चमकताना दिसतात. जोडवी काढायला लावू नका, मायक्रोपोर पट्टीने झाका. खिडकीतून येणारं ऊनही अडवा.

रेकॉर्डिंग झाल्यावर एकाच हाडावरच्या मार्करांमधली अंतरं काढून उभ्या स्थितीतल्या अंतरांशी ताडून पाहा. फरक 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो मार्कर तपासा. पण अंतर कायम राहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका: तिन्ही मार्कर कातडीबरोबर एकाच दिशेने सरकले तर ही तपासणी काहीच दाखवत नाही. पेनाची चाचणी त्यासाठीच आधी घ्यायची.

शेवटी सगळे मार्कर काढा, खुणा पुसा, आणि आठवड्याने त्याच माणसावर पुन्हा लावा, एकदा तुम्ही आणि एकदा सहकाऱ्याने. उभ्या स्थितीतल्या कोनांत जो फरक येईल तो अहवालात कोनाच्या शेजारीच लिहा. उपचारानंतरचा बदल त्याहून लहान असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका.