लातुरात गोबी मासा सांभाळायचा असेल तर

वॉचमन गोबी हा बोटाएवढा, तळाशी राहणारा समुद्री मासा आपल्या लातुरातही छान जगतो. फक्त त्याला त्याचा तळ द्या.

पश्चिम पॅसिफिकच्या उथळ, वाळूच्या खाड्यांत तो पिस्टल कोळंबीच्या बिळात राहतो. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ उकरते, वाळू बाहेर ढकलते आणि एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो, ती झटकन आत, पाठोपाठ तोही. हे बघण्यासाठीच तर मी एवढा खटाटोप करते!

म्हणून दगड आधी थेट टाकीच्या तळाच्या काचेवर बसवा, मग भोवती सहा-सात सेंटीमीटर वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड कोळंबी खालून पोखरते आणि तो बिळावरच कोसळतो. बारीक वाळूत थोडा शिंपल्यांचा चुरा मिसळा, बिळाचं छत टिकतं.

बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार फार. आरओचं घ्या, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजूनच. घरच्या बऱ्याच मशीन क्षार परत मिसळतात. मत्स्यालयाचं समुद्री मीठ घालून घनता १.०२५ ठेवा. पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशाला विषारी) शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नका.

खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी २६ अंशांच्या आसपास हवं, त्यामुळे चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लागतोच. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ घाला, मीठ उडत नाही. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. वर जाळी हवीच. घाबरलेला गोबी सरळ बाहेर उडी मारतो.