खोलीला फरशी किती लागेल? दुकानात जाण्याआधीचा हिशेब

फरशीच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "किती फूट लागणार?" बहुतेक जण लांबी-रुंदीचा गुणाकार सांगून मोकळे होतात. भाव काढायला तो आकडा ठीक आहे, पण माल उचलायला नाही. फरशी विकली जाते फुटावर, बसते मात्र ओळीत. म्हणून ओळी मोजायच्या.

आधी माप. प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठं माप धरा. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीतल्या घरांत सोपा (दर्शनी खोली) पुढे अरुंद आणि मागे रुंद निघाला तर नवल वाटायला नको. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत दोन-तीन इंचांचा फरक आला, तर एका भिंतीला तिरके तुकडे कापावे लागणार हे समजा आणि दोन-तीन नग वाढवा. दाराच्या उंबऱ्यात फरशी आत जाणार असेल तर ती जागाही मापात घ्या. भिंतीतल्या कपाटाची जागा वजा करण्याआधी त्याच्या तळालाही फरशी हवी का, ते ठरवा.

इथे एक नेहमीची चूक होते. 11 फूट 4 इंच हे कॅल्क्युलेटरवर 11.4 म्हणून टाकलं जातं. फुटात 12 इंच असतात, त्यामुळे ते 11.33 होतं. 11 फूट 11 इंच जर 11.11 लिहिलं, तर जवळजवळ 10 इंच खोली गायब! त्यापेक्षा सगळं मिलिमीटरमध्ये घ्या. 1 इंच म्हणजे 25.4 मिमी.

आता उदाहरण. खोली 11 फूट 4 इंच बाय 13 फूट 7 इंच, म्हणजे 3454 बाय 4140 मिमी. क्षेत्रफळ साधारण 154 चौरस फूट. फरशी 'दोन बाय दोन'ची. बोलण्यात ती 4 चौरस फुटांची, पण प्रत्यक्षात 600 मिमीची असते आणि 3.875 चौरस फूटच भरते. चार नगांचा बॉक्स 16 नव्हे, साडेपंधरा फुटांचा. दुकानदार बॉक्सचा दर सांगत असेल तर तो कोणत्या फुटांवर काढलाय, तेवढं विचारून घ्या.

154 ला 4 ने भागलं तर 39 नग येतात, 3.875 ने भागलं तर 40. आता ओळी मोजू. 2 मिमी सांधा धरून एक फरशी 602 मिमी जागा घेते. रुंदीत पाच अख्ख्या बसतात आणि सुमारे 444 मिमीचा तुकडा लागतो. लांबीत सहा अख्ख्या आणि सुमारे 528 मिमीचा तुकडा. दोन्ही तुकडे अर्ध्याहून मोठे, म्हणजे एका फरशीतून दोन निघणार नाहीत. सहा गुणिले सात, 42 नग. गुणाकारावर विसंबून दहा बॉक्स आणले असते, तर शेवटच्या कोपऱ्यात काम अडलं असतं. तुकडा अर्ध्याहून लहान असेल तेव्हा उलट फायदा होतो, कारण एका फरशीत दोन भागतात.

उरलेल्या पट्ट्या फेकू नका, त्यांतून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाला लावायची पट्टी, निघतं. वरच्या उदाहरणातल्या खोलीत रुंदीच्या कापातून साधारण 155 मिमीच्या सात पट्ट्या उरतात. चार इंची स्कर्टिंगला त्या चालतात. दारं वगळून 44 फूट स्कर्टिंग धरलं तर 23 पट्ट्या हव्यात. सात मिळाल्या, राहिल्या सोळा. एका अख्ख्या फरशीतून चार इंची पाच पट्ट्या निघतात, म्हणजे आणखी चार फरश्या. एकूण 46, आणि फूटतुटीला दोन. बारा बॉक्स.

तिरकी, म्हणजे डायमंड पद्धतीने बसवणार असाल तर हा ओळींचा हिशेब चालत नाही. तिथे क्षेत्रफळावर 12 ते 15 टक्के वाढवा. छोट्या न्हाणीघराला दोन बाय चारची फरशी निवडली तर वाया जास्त जाते, तिथे एक बाय एक बरी. अंगणाला शहाबादी किंवा कोटा घेताना दहा टक्के जास्त घ्या. दगडाच्या कडा आणि जाडी सारखी नसते, काही नग बाजूला काढावेच लागतात.

माल एकाच वेळी उचला. बॉक्सवर शेड आणि बॅच छापलेली असते, ती सगळ्या बॉक्सांवर एकच आहे ना, हे गाडीत भरतानाच बघा. वेगळ्या बॅचची फरशी दुकानात सारखी दिसते, बसवल्यावर फरक उठून दिसतो. न उघडलेला बॉक्स परत घेणार का, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

मी तरी एक बॉक्स जादा घेऊन ठेवेन. पुढे नळाची लाइन फुटली की चार फरश्या उखडाव्याच लागतात, आणि तोवर ते डिझाइन बाजारात असेलच असं नाही. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं होतं, तिथे हा बॉक्स माळ्यावर ठेवा. पुठ्ठा भिजला की छापलेला नंबर जातो, म्हणून त्याचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवा.