ट्रंकेत डांबरगोळ्या कशा ठेवाव्यात

कोकणात पावसाआधी बंद केलेली ट्रंक पुष्कळदा थेट गणपतीला उघडते, आणि तोवर घोंगडीला किंवा रेशमी मुकट्याला कसर लागलेली असते. लोकर आणि रेशीम खाते ती या किडीची अळी. सुती कपड्यांच्या वाट्याला ती सहसा जात नाही, त्यामुळे त्यांत गोळ्या टाकण्याचे कारण नाही. बुरशीवर तर या गोळ्यांचा भरवसा ठेवूच नये. त्यासाठी कपडे धुऊन, कडक उन्हात खडखडीत वाळवूनच ठेवावेत.

गोळी कशाची आहे, हे आधी पाहावे. साध्या पाण्यात तरंगली तर ती कापराची. बुडाली, तर अर्धा कप कोमट पाण्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात सोडावी: नॅफ्थलीन वर येते, पॅराडायक्लोरोबेन्झीन तळाशीच राहते. हे प्रकार एकत्र ठेवू नयेत, कारण ते एकमेकांत मिसळून पातळ होतात आणि कपड्यांवर डाग पडतात.

नॅफ्थलीन ८० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या साध्या उष्णतेतच, त्याची न वितळता वाफ होत राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच गोळ्या घेऊन, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, कपड्यांच्या सर्वांत वर ठेवाव्यात आणि झाकण घट्ट लावावे. अळीला मारते तीच वाफ आपल्याही श्वासात जाते, त्यामुळे उघड्या कपाटात, न्हाणीघरात किंवा साप पळावेत म्हणून पडवीत गोळ्या टाकणे मला सरळसरळ धोक्याचे वाटते. युरोपीय संघाने नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर २००८ साली बंदी घातली, ती उगाच नव्हे.

बाळाची दुपटी, टोपरी या ट्रंकेत कधीही ठेवू नयेत. नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना आणि नवजात बाळांना हा धोका सर्वाधिक. त्यातच नॅफ्थलीन तेलात विरघळते, म्हणून तेल लावलेल्या अंगाला असे दुपटे गुंडाळले की ते त्वचेतून अधिक शोषले जाते. मोठ्यांचे कपडेही वापरण्याआधी वास जाईपर्यंत वाऱ्यावर टाकून मग धुवावेत.

मुलाने गोळी गिळल्यास ओकारी काढू नये. दूध किंवा तूपही देऊ नये, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर विष लवकर भिनते. पाकीट बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. मूल हसतखेळत असले तरी थांबू नये. चहासारखी गडद लघवी, पिवळे डोळे, पांढुरका चेहरा ही लक्षणे एक ते तीन दिवसांनीही दिसू शकतात.