रंगमंचावर घरचा माणूस असेल तेव्हा फोटोत त्याचा चेहरा कसा वाचवावा

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात कुठल्याही शाळेचं स्नेहसंमेलन असो, पडदा उघडला की पुढच्या रांगांमधून मोबाइलचे फ्लॅश लखलखायला लागतात. तो फ्लॅश आधी बंद करा. चार-पाच मीटरच्या पुढे त्याचा काही उपयोग नसतो, उजळून निघतात ती पुढच्या रांगेतली डोकी. शिवाय नाचणाऱ्या लेकराच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि त्याचा ताल चुकतो.

बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, हे धरूनच चालतो. लेन्स एकच घ्यायची असेल तर ५० मिमी, एफ/१.८ घ्या. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स पुढे ओढली की एफ/५.६ वर जाते, म्हणजे उजेड जवळपास दहापट कमी. जागा तिसऱ्या ते पाचव्या रांगेत, कडेची, मधल्या वाटेला लागून. गाणाऱ्याने माइक उजव्या हातात धरला असेल तर त्याच्या डाव्या बाजूला बसा, नाहीतर प्रत्येक फोटोत हनुवटीच्या जागी माइकच येतो.

आता खरं अवघड काम, उजेडाचं. इथे मी पुरता हरलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या आत्याचं भजनी मंडळ होतं. एका कार्यक्रमात ती भारूड म्हणायला उभी राहिली. हिरवी जरीची साडी, मागे काळा पडदा, वरून एकच पिवळा दिवा. मी कॅमेरा ऑटोवर ठेवून ८० फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर काळ्या पडद्याच्या चुण्या मोजता येत होत्या, जरीचे काठ दिसत होते, आणि आत्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. नाकाची कड नाही, गालाची गोलाई नाही, कुंकू तेवढं पुसट लाल. पुढच्या दोन वर्षांत आत्या गेली. ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. ऑटोवर असताना कॅमेरा चौकटीतला उजेड आणि अंधार एकत्र मोजतो आणि सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाजवळ आणायला बघतो. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळा पडदा असेल, तर त्याला वाटतं इथे अंधार फार झाला. तो उजेड वाढवतो. पडदा करडा होतो, चेहरा जळतो.

म्हणून कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर घ्या आणि उजेडाचा हिशोब स्वतः करा. मीटरिंग, म्हणजे उजेड मोजायची पद्धत, स्पॉटवर ठेवा, मधला ठिपका चेहऱ्यावर आणा. गाणं किंवा भजन असेल तर शटर १/१६० सेकंद, नाच असेल तर १/२५० किंवा त्याहून जलद. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एफ/२ ते २.८. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १६०० पासून सुरू करून लागेल तसा ३२०० पर्यंत वाढवा, पुरत नसेल तर ६४०० सुद्धा. 'आयएसओ ८०० च्या वर नेऊ नका, दाणे येतात' असं सांगणारे अजूनही भेटतात. तो सल्ला जुन्या कॅमेऱ्यांच्या काळातला आहे. दाणेदार फोटोत माणूस ओळखू येतो, हललेल्या फोटोत येत नाही.

चाचणी घ्यायला वेळ भरपूर मिळतो. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, नारळ-शाल, लांबलेली भाषणं, यात अर्धा तास जातोच. जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. कपाळ किंवा गाल लुकलुकला की आयएसओ खाली आणा. पांढरा सदरा किंवा दागिना लुकलुकला तर चालेल, कातडी नको. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. अंधारलेला चेहरा नंतर वर काढता येतो, जळालेला परत येत नाही. अडलंच तर अंधाराच्या बाजूने चुका.

हल्लीच्या एलईडी दिव्यांचा ताप वेगळा आहे. गडद लाल किंवा निळा उजेड पडला की कॅमेऱ्यावरचा उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो, पण तो एक रंग केव्हाच भरून वाहिलेला असतो आणि चेहरा मेणाचा दिसतो. तीन रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा पर्याय लावा. नाहीतर सरळ थांबा, दिवे बदलतातच. पांढरा किंवा पिवळा उजेड आला की बटण दाबा. फोटोवर आडवे पट्टे दिसले तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा, आणि हालचाल कमी असेल तर १/१०० करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात.

मोबाइलवर हेच काम असं होतं: चेहऱ्यावर बोट टेकवून दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पडदा पुरता काळा दिसू लागेपर्यंत ओढत राहा. नाइट मोड बंद. तो उजेड गोळा करायला वेळ घेतो आणि तेवढ्यात पोरगी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असते.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत हाच हिशोब उलटा लागतो. मिरवणुकीत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या, मागेपुढे पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली माणसं, दुपारचं ऊन. एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो, बाराबंदी मळकट दिसते आणि फेट्याखालचा चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर प्लस २/३ ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड थोडा वाढवायला सांगा. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' कानावर पडेपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहा, अक्षता त्याच क्षणी उडतात. आणि उडणाऱ्या अक्षतांच्या मागे लागू नका, काकांचे हात आणि चेहरा टिपा.

क्षण पकडायचा तर कान उघडे ठेवा. नाचणारा समेवर थांबतो, गाणारा ओळ संपवून श्वास घेतो. तेव्हा दाबा.

कार्यक्रम संपला की त्याच आठवड्यात निवडा. ४०० मधून १५ ठेवा. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसतो आणि वर्षभराने प्रत्येकाकडे तीच आकसलेली प्रत उरते. पाच-सहा फोटो कागदावर छापून घ्याच. मागे तारीख, जागा आणि सगळ्यांची नावं लिहा, 'डावीकडून' असं म्हणून. बॉलपेन दाबून चालवू नका, पुढून वळ उठतात. न पसरणाऱ्या शाईचं मार्कर पेन घ्या आणि शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक रचू नका.

आमच्याकडे आजोबांचा गिरणी कामगारांच्या मेळ्यातला एक फोटो आहे. नऊ माणसं, दोघांच्या हातात डफ. आजोबा सोडून एकाचंही नाव आज कुणाला सांगता येत नाही. आजी होती तेव्हा विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरात सांगणारं कुणी असेल तर या रविवारी अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसा, ते बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळू सरकवत न्या. सुटले की ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

अल्बम माळ्यावर ठेवू नका. सोलापूरचा मे महिना आणि वर पत्रा, एवढ्यात रंग उडतात आणि फोटो एकमेकांना चिकटतात. खालच्या खोलीत, भिंतीपासून सुटं असलेलं लाकडी कपाट बरं. डिजिटल प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा भावाकडे. दर दिवाळीला ती आणून नवे फोटो भरायचे, दोन-चार जुने उघडून बघायचे, आणि भाऊबीजेला परत द्यायची.