दुर्गम भागातील गरम पाण्याच्या झऱ्यांची एका दिवसाची सहल : या चुका टाळा

डोंगरात किंवा दरीत, रस्त्यापासून दोन-तीन तासांच्या चालीवर असलेल्या गरम पाण्याच्या झऱ्याला जायचे ठरले, की सगळी तयारी तिथे पोहोचण्याच्या दृष्टीने होते. कुंड गाठले म्हणजे सहल पार पडली, असा समज असतो. प्रत्यक्षात कुंड हा दिवसाचा मध्य असतो. पाण्यातून बाहेर पडताना स्नायू सैलावलेले असतात, रक्तदाब उतरलेला असतो, तळपायांची त्वचा भिजून मऊ झालेली असते आणि उजेडही कमी होऊ लागलेला असतो, आणि नेमक्या याच अवस्थेत उताराची, निसरडी परतीची वाट चालायची असते. अशा सहलींत होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परतीची वेळ कुंडावर पोहोचल्यावर ठरवणे

वेळेचे गणित उलट्या बाजूने मांडावे. सूर्यास्ताच्या वेळेतून परतीच्या चालीचे तास वजा करावेत, त्यातून आणखी किमान एक तास राखीव म्हणून काढावा, आणि जी वेळ उरेल ती पाण्यातून बाहेर पडण्याची वेळ समजावी. चालीचा हिशेब गटातील सर्वांत संथ चालणाऱ्या व्यक्तीवरून करावा. ही वेळ वाटाड्याने सकाळी निघतानाच सर्वांसमोर सांगितलेली असावी, कारण एकदा ऊबदार पाण्यात बसल्यावर ‘आणखी दहा मिनिटे’ म्हणणारे बरेच निघतात आणि त्यांना उठवणे वाटाड्यालाही जड जाते. चढताना उशीर झाला आणि ठरलेली वेळ वाटेतच उलटली, तर कुंड वळणापलीकडे असले तरी मागे फिरावे. विजेरी मात्र प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी. मोबाइलच्या उजेडावर उतार उतरणे धोक्याचे आहे, कारण त्यात एक हात अडकून राहतो.

वाटाड्याला चुकीचे प्रश्न विचारणे

तिथून देखावा कसा दिसतो, गर्दी असते का, हे प्रश्न सगळेच विचारतात. त्याआधी विचारायला हवे ते असे, की गेल्या मोठ्या पावसानंतर किंवा पुरानंतर आपण स्वतः तिथे जाऊन आला आहात का. झरा हे स्थिर ठिकाण नव्हे. नदीकाठच्या कुंडात जमिनीतून येणारे गरम पाणी आणि नदीचे थंड पाणी दगडांच्या फटींतून मिसळत असते. नदीची पातळी हातभर उतरली, तरी गेल्या महिन्यात सुखद वाटलेले तेच कुंड पोळणारे होऊ शकते, आणि पातळी वाढली तर कुंडच पाण्याखाली जाते. भूकंपानंतर झऱ्यांचे तापमान आणि प्रवाह बदलल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे वाटाड्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव मोलाचा असला, तरी त्याची ताजी माहिती अधिक मोलाची ठरते.

त्याच्याकडे तापमापक आहे का, मोबाइलला संपर्कक्षेत्र नसेल तिथून मदत कशी मागवणार, एखाद्याला दुखापत झाली आणि वाटाड्या त्याच्याजवळ थांबला तर बाकीच्यांना खाली कोण नेणार, आणि त्या ठिकाणी पाण्यात उतरण्याची परवानगी आहे का, हेही विचारावे. आपल्या बाजूनेही काही लपवू नये. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या, मधुमेह, फिट येण्याचा त्रास, गरोदरपण या गोष्टी निघण्यापूर्वी वाटाड्याला माहीत असायला हव्यात. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी गरम पाण्यात बसण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

पाणी पाहून त्याचे तापमान ओळखणे

या चुकीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तिचे परिणाम भरून येण्यासारखे नसतात.

बुडबुडे म्हणजे उकळी, हा पहिला गैरसमज. झऱ्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू बाहेर पडत असतील, तर कोमट पाण्यातही बुडबुडे दिसतात. उलट जवळजवळ उत्कलनबिंदूला पोहोचलेले निळसर, नितळ पाणी अगदी संथ असू शकते. दुसरा गैरसमज शेवाळाचा. पाण्यात हिरवा-पिवळा थर वाढलेला दिसला, की ‘इथे जीव तगतो, म्हणजे पाणी सोसवणारे असणार’ असा तर्क केला जातो. प्रकाशसंश्लेषण करणारे काही सूक्ष्मजीव ७० अंश सेल्सिअसच्याही किंचित वर तग धरतात. माणसाच्या त्वचेला मात्र ६० अंशांच्या पाण्यात खोलवर भाजायला सुमारे पाच सेकंद पुरतात, आणि लहान मुलांच्या नाजूक त्वचेला त्याहूनही कमी. बसण्यासाठी ३८ ते ४० अंशांपर्यंतचे पाणी ठीक. त्यापुढचे पाणी टाळावे.

एकाच कुंडात तापमान सगळीकडे सारखे नसते. गरम पाणी हलके असल्याने ते वर तरंगते आणि थंड पाणी तळाशी राहते. पण झरा तळातूनच फुटत असेल, तर तिथली वाळू पायाखाली हलकेच उसळत असते आणि त्या वितभर जागेतले पाणी वरच्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते. म्हणून तापमापक दोरीला बांधून काठाशी, मध्यभागी, पृष्ठभागावर आणि तळाशी, अशा निरनिराळ्या जागी सोडावा, मग लांब काठीने पाणी ढवळून पुन्हा मोजावे. हे काम वाटाड्याने पक्क्या खडकावर उभे राहून करावे. हात बुडवून पाहण्यासाठी काठावरून वाकणे ही छोटी गोष्ट वाटते, पण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जून २०१६ मध्ये एका तरुणाचा मृत्यू याच प्रकारे झाला. बहिणीबरोबर तो आखलेली लाकडी वाट सोडून, पाण्यात बसण्याजोगी जागा शोधत गेला होता आणि पाण्याचा अंदाज घेण्यासाठी वाकला असता घसरून आत पडला. त्या उद्यानात अशा पाण्यात उतरायला बंदीच आहे.

काठावरील जमीनही फसवी असते. झऱ्याच्या पाण्यातील सिलिका किंवा चुना साठून पांढरट, कोरडा, घट्ट दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या खाली पोकळी, गरम चिखल किंवा पाणी असू शकते. वाटाड्या जिथे पाऊल टाकतो तिथेच पाऊल टाकावे. छायाचित्रासाठी चार पावले बाजूला जाण्याचा मोह आवरावा आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

तापमानाखेरीज पाण्याची आम्लताही पाहावी लागते. जपानमधील तामागावा येथील झऱ्याचे पाणी सुमारे १.२ सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्ल) इतके तीव्र आम्ल आहे. सगळीकडे असे नसले, तरी अपरिचित झऱ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि अंगावर ताज्या जखमा असतील तर पाण्यात उतरू नये. चांदीचे दागिने गंधकाच्या संयुगांमुळे काळे पडतात, तेही सकाळीच काढून ठेवलेले बरे.

हे पाणी पिऊही नये. जमिनीखालून येताना त्यात आर्सेनिक, फ्लोराइड यांसारखे घटक विरघळलेले असू शकतात आणि उकळल्याने ते निघून जात नाहीत. दिवसभराचे पिण्याचे पाणी खालूनच न्यावे.

वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजणे

गरम झऱ्यांच्या परिसरात येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मोकळ्या, वाऱ्याच्या जागी अत्यल्प प्रमाणात तो बहुधा त्रासदायक नसतो. परंतु हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत, गुहेत किंवा आडोशाला बांधलेल्या बंदिस्त स्नानगृहात साचतो. त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेले, की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची क्षमता बधिर होते. म्हणजे आधी येणारा उग्र वास अचानक नाहीसा झाला, तर ती धोक्याची खूण असू शकते. डोळे चुरचुरणे, डोके जड होणे, मळमळणे यांपैकी काही जाणवताच उंच आणि वाऱ्याच्या जागी जावे. खड्ड्यात किंवा बंदिस्त जागेत कोणी कोसळले असेल, तर धावत आत शिरू नये. वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरल्याच्या घटना अशा वायूंच्या बाबतीत पुनःपुन्हा घडल्या आहेत. बाहेरूनच दोरी किंवा काठीचा आधार देता येत असेल तर द्यावा आणि मदत मागवावी.

खूप वेळ बसणे आणि झटक्यात उठणे

गरम पाण्यात त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. चढून आल्यामुळे अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. अशा वेळी एकदम उभे राहिले, की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पायाखाली ओला दगड असेल तर घेरीपेक्षा पडण्याचीच दुखापत मोठी होते. दहा मिनिटांनी बाहेर येऊन काठावर बसावे, पाणी प्यावे, हवे तर पुन्हा उतरावे. उठताना आधी काठावर बसून थोडे थांबावे. मद्य घेऊन पाण्यात उतरू नये. मद्यही रक्तवाहिन्या रुंदावते आणि शरीर तापल्याची जाणीव बोथट करते. कोणाला भोवळ आलीच, तर पाण्याबाहेर सपाट जागी झोपवून पाय उंच करावेत.

भाजल्यावर घरगुती उपाय करणे

भाजलेल्या जागेवर लगेच वाहते, साधे थंड पाणी २० मिनिटे सोडावे. जवळचा ओढा झऱ्याच्या पाण्यामुळे गरम असेल, तर पिण्याचे पाणी थोडे थोडे ओतावे. अंगठ्या, घड्याळ, कडी सूज येण्यापूर्वी काढावीत. बर्फ, तूप, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ प्लास्टिकच्या पातळ आवरणाने किंवा कोरड्या स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. भाजलेला भाग मोठा असेल, तर बाकीचे अंग गरम कपड्यांत ठेवावे, कारण एवढा वेळ पाणी ओतल्याने शरीर गारठू शकते.

ओल्या कपड्यांत परत निघणे

वर सांगितलेली परतीची अडचण इथे उभी राहते. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे शरीर उष्णता झपाट्याने गमावते आणि उंचावरचा सायंकाळचा वारा ओल्या कपड्यांना लागला, की थोड्याच वेळात हुडहुडी भरते. पंचा, कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड आणि विशेषतः कोरडे मोजे वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवावेत. पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून, पंधरा-वीस मिनिटे हवेला सुकू द्यावेत आणि मगच बूट घालावेत. मऊ झालेल्या त्वचेला उतारावर फार लवकर फोड येतात. या वेळेत काही खाऊन घ्यावे.

कुंडाला न्हाणीघर समजणे

साबण, शाम्पू आणि अंगाला लावलेली तेले व मलमे लहानशा कुंडात साचून राहतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यात थेट सोडण्यासाठी नसतो. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जावे. दगड रचून नवे बांध घालू नयेत, झऱ्यातील रंगीत थर खरवडू नयेत. हे थर म्हणजे जिवंत वस्ती आहे, आणि त्यातून केवढे मोठे काही हाती लागू शकते याची जाणीव फारच थोड्यांना असते, याचे वाईट वाटते. पीसीआर चाचणीत वापरले जाणारे टॅक पॉलिमरेज हे विकर ज्या ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या जिवाणूपासून मिळाले, तो थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना यलोस्टोनच्या गरम झऱ्यातच सापडला होता.

डोके बुडवणे, आणि घरी आल्यावर विसरून जाणे

‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा अमिबा उबदार गोड्या पाण्यात राहतो आणि ४६ अंशांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे आपल्याला सुखद वाटणारे तापमान त्यालाही मानवते. तो पाणी गिळल्याने अपाय करत नाही; नाकात पाणी गेल्यास तेथून मेंदूपर्यंत पोहोचतो. हा संसर्ग फार विरळ आहे, परंतु झाल्यास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. म्हणून डोके पाण्याबाहेर ठेवावे, डुबकी आणि सूर टाळावा, मुलांना पाणी उडवू देऊ नये आणि तळाचा गाळ ढवळू नये. नाकात पाणी गेले असेल आणि त्यानंतरच्या एक ते बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणे यांपैकी काही सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि आपण कोणत्या तारखेला गरम झऱ्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. ही लक्षणे इतर मेंदूज्वरासारखीच दिसतात आणि झऱ्याचा उल्लेख झाला नाही, तर या अमिबाची तपासणी होण्यात मोलाचे तास निघून जाऊ शकतात.